हप्ता, अनुदान, मदत : मधल्या काळात पैसे कुणाचे अडकतात?

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असणाऱ्यांना खालपर्यंत यायला नको. पीएम किसान आणि नमो शेतकरी : पाचपैकी चार तारे. तुषार (स्प्रिंकलर) संचाचं अनुदान : दोन. अतिवृष्टीची मदत : अडीच. खताच्या अनुदानाला तारेच देत नाही, त्याचं कारण शेवटी येईल.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावात राहते. सातबाऱ्यावर माझ्या नावानं १ हेक्टर ३० आर, म्हणजे सव्वातीन एकराच्या आसपास रान आहे. खरिपात सोयाबीन, त्यात तुरीच्या ओळी. बोअरचं पाणी टिकलं तर रब्बीत हरभरा. बचत गटाची सचिव असल्यामुळे गटातल्या बायकांची पासबुकं, आधार कार्डं आणि ओटीपी माझ्या डोळ्यांखालून जातात. त्यामुळे खाली लिहिलंय ते एकट्या माझ्या खात्यावरून लिहिलेलं नाही.

योजना चांगली की वाईट हे ठरवायची माझी कसोटी एकच आहे. रक्कम किती, हे मी दुसऱ्या नंबरवर ठेवते. पहिलं बघते ते हे, की सरकारचा पैसा खात्यावर पडेपर्यंत मधल्या काळात कुणाचा पैसा अडकतो? माझा, दुकानदाराचा, गटाचा, की कुणाचाच नाही? ऐंशी टक्के अनुदान ऐकायला गोड वाटतं. पण ते ऐंशी टक्के आधी कुणीतरी खिशातून काढून ठेवायचे असतात, आणि ते ज्याच्याकडे नाहीत त्याच्यासाठीच तर योजना काढलेली असते.

या कसोटीवर पीएम किसान सरळ पास होते. इथं मला आधी काही विकत घ्यायचं नाही, बिल लावायचं नाही, कुणी रानात येऊन फोटो काढायचा नाही. वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. योजना २४ फेब्रुवारी २०१९ ला सुरू झाली, तेव्हा दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांनाच होती. मग त्याच वर्षी जूनमध्ये जमिनीची मर्यादा काढली. राज्यानं २०२३ च्या अर्थसंकल्पात त्यात आणखी ६,००० घातले, ते म्हणजे नमो शेतकरी महासन्मान निधी. त्याचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ ला शिर्डीहून सुटला. नमोसाठी वेगळा अर्ज लागत नाही. ज्याला केंद्राचा हप्ता मिळतो त्याला राज्याचाही मिळतो. दोन्ही मिळून वर्षाला १२ हजार. २०२४ च्या विधानसभेच्या वेळी हे १५ हजार करू असं ऐकलं होतं. माझ्या पासबुकात आकडा बारावरच आहे.

पाचवा तारा कापला तो वेळेसाठी. कागदावर हप्त्यांचे काळ ठरलेले आहेत : एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर, डिसेंबर ते मार्च. प्रत्यक्षात हप्ता कधी पडणार ते पंतप्रधानांची सभा कुठं आहे हे जाहीर झालं की कळतं. सोळावा हप्ता यवतमाळहून आला, २८ फेब्रुवारी २०२४ ला. सतरावा वाराणसीहून, १८ जून २०२४ ला, आणि तो आमच्याकडे पेरणीच्या तोंडावर पडला. त्या वर्षी गटातल्या निम्म्या बायकांनी बियाण्याच्या पिशवीला हेच पैसे लावले. अठरावा वाशिमहून. पण विसावा? तो २ ऑगस्ट २०२५ ला पडला. तोवर सोयाबीन गुडघ्याला लागलं होतं, एक फवारणी उरकली होती आणि दुकानाच्या वहीत सगळ्यांची नावं चढली होती. पैसे तेच दोन हजार. जूनमध्ये आले असते तर ते बियाणं झाले असते, ऑगस्टमध्ये आले ते उधारी फेडायला गेले. उधारीचा भाव वेगळा आणि रोखीचा वेगळा, हे ज्यानं दुकानात उभं राहून ऐकलंय त्याला या दोन महिन्यांची किंमत वेगळी सांगायला नको.

दुसरं, सहा हजाराचा आकडा २०१९ पासून तसाच आहे. डीएपी खताची पिशवी २०२१ मध्ये १,२०० ला होती, ती आता १,३५० ला आहे. मजुरीचं तर बोलायलाच नको.

आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, वारल्यावर त्यांचा हप्ता बंद झाला, तो व्हायलाच हवा. पुढं माझ्या नावानं नव्यानं नोंदणी करावी लागली. इथं एक गोष्ट बायकांनी ध्यानात ठेवावी. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर आली असेल तर या योजनेत बसत नाही, पण वारसानं आली असेल तर बसते. म्हणून फेरफाराचा, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर कशी आली त्या नोंदीचा, उतारा जपून ठेवा, त्यावर 'वारस' हा शब्द दिसला पाहिजे. ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या सेवा केंद्रावरच्या पोरानं मला आधी सांगितलं होतं, "मावशी, तुमची जमीन दोन हजार एकोणीसच्या नंतरची दिसतेय, होणार नाही." फेरफार पुढं ठेवला तेव्हा झालं. आणि माणूस गेल्यावर त्याच्या खात्यावर हप्ते पडत राहिले तर ते वापरू नका. ते परत मागतात, आणि तोवर वारसाचं प्रकरण अडकून बसतं.

आता या सेवा केंद्राचं परीक्षण वेगळं द्यायला हवं, कारण योजना मुंबई-दिल्लीत बनते पण आपल्याला भेटते ती या टेबलावर. आमच्या गावात एक केंद्र आहे, बाजाराच्या गावी तीन-चार. कुणाचंच नाव घेत नाही. चांगलं केंद्र कुठलं ते एका खुणेवरून ओळखावं : पावती मागितली की पोरगा प्रिंटरकडं बघतो की तुमच्या तोंडाकडं. महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या ऑनलाइन अर्जाच्या पोर्टलवर, अर्जाची फी २३ रुपये ६० पैसे आहे, ती पडद्यावर दिसते. त्यावर टायपिंगचे, झेरॉक्सचे पैसे घेतले तर माझी तक्रार नाही, त्याचंही पोट आहे, लाईट बिल आहे. पण काही ठिकाणी 'फॉर्म पास करून देतो' म्हणून वेगळे मागतात. फॉर्म पास करणं त्यांच्या हातात नसतं.

अंगठ्याचं प्रकरण या सगळ्यात सगळ्यांत वाईट होतं. ई-केवायसीला, म्हणजे आधारवरून ओळख पटवायला, बोटांचे ठसे लागायचे, आणि खुरपणी करणाऱ्या बायकांच्या बोटांना ठसे राहतात कुठं! आमच्या गटातल्या एका आजींची दहाही बोटं मशीननं नाकारली. पोरगा त्यांना म्हणाला, व्हॅसलीन लावून या. त्या लावून आल्या, तरी नाही. २०२३ च्या जूनमध्ये पीएम किसानच्या ॲपमध्ये चेहऱ्यावरून केवायसी करायची सोय आली तेव्हा हे मिटलं. आजींना मी ओट्यावर उजेडात बसवलं, डोळे मिचकवायला सांगितलं, आणि झालं. सरकारी ॲपचं कौतुक करायची वेळ फार येत नाही, पण हे काम ज्यानं केलं त्याला माझ्याकडून पूर्ण पाच तारे.

पैसा कुठल्या खात्यावर पडतो याबद्दल मात्र अजून लोकांच्या डोक्यात घोळ आहे. फॉर्मवर जो खातेनंबर लिहिला तिथं पैसे जातात असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही. पैसे आधारला जे खातं शेवटी जोडलेलं आहे तिथं जातात. आमच्यातल्या एकीचे चार हप्ते 'गेले' होते. खरं तर ते कुठंच गेले नव्हते. कधीतरी बाजारात छत्रीखाली टेबल मांडून बसलेल्या पोरानं शून्य रकमेचं खातं काढून दिलं होतं, आधार तिथं जोडलं गेलं होतं, आणि पैसे निवांत तिथं पडून होते. कुठली बँक जोडलेली आहे ते आधारच्या साईटवर ओटीपी टाकून बघता येतं. हे आधी बघा आणि मगच हेलपाटे सुरू करा.

आता तुषार. हा भाग जरा लांबेल, कारण माझे स्वतःचे पैसे इथं अडकले होते.

आमच्याकडं बोअरचं पाणी दिवसाला दोन-अडीच तास चालतं. पाटपाणी दिलं तर अर्धा एकर भिजतो, तुषारवर तेवढ्याच पाण्यात एकराच्या वर. हरभऱ्याला पेरल्यावर एक आणि फुलाच्या आधी एक असं पाणी मिळालं तरी उतारा बदलतो. त्यामुळे संच हवाच होता. ज्याची जमीन दोन हेक्टरच्या आत, त्याला महाराष्ट्रात तुषार-ठिबकला ८० टक्के अनुदान आहे : केंद्र सरकारच्या 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेतून ५५ टक्के, आणि राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून वरचे २५. दोन हेक्टरच्या वर असेल तर ४५ आणि ३०, मिळून ७५. पाच हेक्टरपर्यंत मिळतं, आणि त्याच रानावर पुन्हा घ्यायचं तर सात वर्षं थांबायचं. कागदावर याच्यात नाव ठेवायला जागा नाही.

रस्ता असा आहे. महाडीबीटीवर अर्ज. मी केला तेव्हा सोडत निघायची, म्हणजे संगणकावरची चिठ्ठी. नाव लागलं की मोबाईलवर मेसेज. मग सातबारा, आठ-अ, कोटेशन चढवायचं. मग पूर्वसंमती. पूर्वसंमतीच्या आधी खरेदी केली तर अनुदान बाद, त्यामुळे हरभरा उन्हात सुकत असला तरी हात बांधून बसायचं. पूर्वसंमती आली की ठरलेल्या मुदतीत नोंदणीकृत विक्रेत्याकडून संच घ्यायचा, जीएसटीचं बिल चढवायचं. मग कृषी सहायक, आता त्यांना सहाय्यक कृषी अधिकारी म्हणायचं, रानात येऊन मोका तपासणी करतात आणि पाइपाशेजारी मला उभं करून जागेचे आकडे उमटलेला फोटो काढतात. मग देयक मंजूर. मग वाट.

यातली प्रत्येक पायरी का आहे ते मला कळतं. एकेकाळी कागदावरच ठिबक व्हायचं, रानात नळी दिसायची नाही, हे आम्हीही बघितलंय. मोका तपासणीला माझा विरोध नाही. आमच्याकडं आलेल्या मॅडमनी तर नोझल उघडून दाखवलं, जाळीत कचरा कसा अडकतो ते सांगितलं आणि चहासुद्धा घेतला नाही. प्रश्न त्या 'मग वाट' या दोन शब्दांत आहे.

संच सगळं मिळून साधारण पंचवीस हजारांचा झाला. दुकानदारानं दोन भाव सांगितले. रोख दिले तर एक. नाहीतर, "मावशी, तुम्ही फक्त वीस टक्के भरा, राहिलेले अनुदान आलं की द्या," हा दुसरा. दुसऱ्या भावात संच महाग होता आणि वर सही केलेला कोरा चेक मागितला. त्याचंही मी समजू शकते, त्याचा पैसा अडकणार होता, तो त्याचं व्याज मालातच लावणार. पण कोरा चेक मी कुणालाही देत नाही, गटात रोज हेच शिकवते. म्हणून गटातून वीस हजार उचलले, शेकडा एक रुपया दरमहा. म्हणजे महिन्याला २०० रुपये व्याज.

त्यानंतर हरभरा पेरला, भिजवला, काढला, विकला. सोयाबीन पेरलं. पैसे नव्हते. पोर्टलवर माझं प्रकरण हिरव्या-पिवळ्या खुणांच्या मधे कुठंतरी उभं होतं. तालुक्याला विचारलं की 'निधी आला की पडेल'. निधी कधी येणार ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं, आणि त्यांच्यावर ओरडणाऱ्या माणसांची मला कीवच येते. शेवटी ५५ टक्क्यांवाला भाग पडला. वरचे २५ त्याच्या बऱ्याच मागून आले. आणि रक्कम माझ्या हिशेबापेक्षा कमी होती, कारण ८० टक्के तुमच्या बिलाचे मिळत नाहीत. सरकारनं त्या आकाराच्या संचासाठी जो खर्च धरलाय त्याचे मिळतात. बिल त्याच्या वर गेलं की तो वरचा भाग पूर्ण तुमचा. हे दुकानदार कधी सांगत नाही. कोटेशन घ्यायच्या आधी कृषी कार्यालयातून मंजूर खर्चाचा तक्ता बघून घ्या आणि त्याच्या आत बसवा.

व्याज, वरचा फरक, झेरॉक्स, जाणं-येणं धरून मला ८० टक्के पडले नाहीत. साठीच्या आसपास पडले असतील. तेही वाईट नाही! संच अजून रानात आहे, आणि हरभऱ्याचा उतारा दिसतो. मग दोनच तारे का? कारण आमच्या गावात अनुदानावर तुषार कुणाकडं आहे ते मोजलं की कळतं. ज्याचा भाऊ मास्तर आहे त्याच्याकडं, किराणावाल्याकडं, ज्याचा पोरगा पुण्याला कंपनीत आहे त्याच्याकडं, आणि गटामुळं माझ्याकडं. ज्याचं बोअर माझ्याहून बरं आहे पण ज्याच्याकडं वीस हजार अडकवायला नाहीत, त्याच्याकडं नाही. पूर्वसंमती आली आणि मुदत उलटून गेली, असे दोन तर आमच्याच गल्लीत आहेत.

दोन गोष्टी त्यानंतर सुधारल्या, त्या सांगायला हव्यात. २०२५ पासून सोडतीऐवजी जो आधी अर्ज करेल त्याला आधी, असं झालंय. चिठ्ठीच्या नशिबापेक्षा रांग बरी. निदान आपला नंबर कुठं आहे हे विचारता येतं. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तुषार-ठिबकवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. नवं कोटेशन घेताना जुना दर लावलेला नाही ना, हे बघा.

ट्रॅक्टरच्या अनुदानाबद्दल विचारतात, म्हणून एवढंच : बायका, अल्पभूधारक, अनुसूचित जाती-जमाती यांना सव्वा लाखापर्यंत, बाकीच्यांना एक लाखापर्यंत. उरलेले लाखो रुपये तुमचे किंवा बँकेचे. सव्वातीन एकरवालीनं या वाटेला जाऊ नये. भाड्यानं सांगावा.

आणि हो, १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा आहे. सातबाऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळलं नाही तर इथं अडकायला होतं. आमच्या पिढीतल्या बायकांचं सातबाऱ्यावर सासरचं एक, आधारवर दुसरं, आणि पासबुकावर तिसरंच. हे पेरणीच्या दिवसात निस्तरत बसू नका. उन्हाळ्यात करून टाका.

अतिवृष्टीची मदत. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंच. आमचं सोयाबीन शेंगेत भरलं होतं आणि पाण्यात उभं होतं, काही ठिकाणी शेंगेतच मोड आले. कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, फळबागेला २२,५०० हा दर आहे. आधी दोन हेक्टरची मर्यादा होती, ऑक्टोबरमध्ये राज्यानं पॅकेज जाहीर केलं तेव्हा ती तीन हेक्टर केली आणि रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १० हजार वेगळे धरले. माझ्या १ हेक्टर ३० आरचा हिशेब : ११,०५० आणि १३,०००. म्हणजे चोवीस हजारांच्या वर थोडे. गुंठ्याला ८५ रुपये असा तो पहिला आकडा बघितला तर हसावं की रडावं कळत नाही. पण रब्बीचे १० हजार ज्यानं सुचवले त्याला शेती कळते. पीक गेल्यावर माणसाला पुढच्या पेरणीचीच चिंता असते, आणि या पैशाला काही विकत घेऊन बिल दाखवायची अट नाही. माझ्या कसोटीवर हे बरोबर बसतं.

ही मदत मिळताना आधीच्या वर्षांपेक्षा एक सुखाची गोष्ट होती. आधी काय व्हायचं, पंचनामा झाला की यादी लागायची, यादीत आपला विशिष्ट क्रमांक, त्याला सगळे 'व्हीके नंबर' म्हणतात, तो शोधायचा, मग केंद्रावर जाऊन केवायसी, मग पैसे. या वेळी ज्यांचा शेतकरी ओळख क्रमांक पक्का झाला होता त्यांना केवायसीतून सुटका होती. माझा झाला होता, म्हणून मी सुटले. ज्यांचं खातं सामायिक आहे, भावाभावांचं एकत्र, ते मात्र आधीसारखेच संमतीपत्रं घेऊन फिरत राहिले. पुण्यात राहणाऱ्या दिराची सही आणायची तर एसटीचं भाडं मदतीतूनच जातं.

मग अडीचच तारे का? कारण आमच्यातल्या काहींचे पैसे खात्यावर पडले आणि हातात आले नाहीत. पीककर्ज थकलेलं होतं, म्हणून खात्याला 'होल्ड'. पासबुकात आकडा दिसतोय, काउंटरवर विचारलं की "साहेबांना भेटा". मदतीच्या पैशातून कर्जवसुली करू नये अशी सूचना सरकारच्या निर्णयातच असते. आम्ही निर्णयाची प्रत काढली, त्या ओळीखाली लाल रेघ मारली, अर्ज जोडला आणि एकत्र पाच-सहा बायका गेलो. एकटीनं जाऊ नका. साहेबांनी वाचलं, फोन केला, होल्ड निघाला. पण लाल रेघ मारायला जी बाई पुढं होत नाही, तिच्या पैशाचं काय होतं ते मी सांगू शकत नाही.

२०२३ च्या सोयाबीन-कापसासाठी राज्यानं मदत म्हणून दिलेले हेक्टरी ५,००० असेच चांगले होते, दोन हेक्टरपर्यंत, ३० सप्टेंबर २०२४ पासून पडले. पीक २०२३ चं, पैसे २०२४ च्या काढणीला. माझे ६,५०० आले आणि मळणीयंत्राच्या भाड्यात गेले. ई-पीक पाहणी, म्हणजे आपल्या पिकाची मोबाईलवरून नोंद, ज्यांनी केली होती त्यांना त्रास कमी झाला. तेव्हापासून मी दरवर्षी स्वतः रानात उभी राहून फोटो काढते, आणि गटातल्या बायकांच्या मागं लागते. तलाठ्यावर सोडू नका.

एक जोडकाम. ज्या बायकांच्या नावावर जमीन आहे आणि ज्या लाडक्या बहिणीतही आहेत त्यांनी चकित होऊ नये. पीएम किसान आणि नमोचे मिळून महिन्याला हजार धरतात, म्हणून लाडकी बहीणचे १,५०० न येता फरकाचे ५०० येतात. मालकांनी मोठं मन करून बायकोच्या नावावर जमीन केली, आणि तिचा दीड हजाराचा पाचशे झाला, असं आमच्याकडं एका घरी झालं. आता तो माणूस सगळ्यांना सांगत फिरतोय की जमीन स्वतःच्याच नावावर ठेवा. त्याला गटातल्या बायकांनी काय सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

वरचं सगळं ज्याच्या सातबाऱ्यावर नाव आहे त्याच्यासाठी. आमच्या गटात एक जण आहे, तिचं घर दुसऱ्याचं आठ एकर रान बटाईनं करतं. बी निम्मं त्यांचं, घाम पूर्ण त्यांचा. हप्ता मूळ मालकाला, अतिवृष्टीची मदत मूळ मालकाला, आणि तो राहतो ठाण्याला. माणूस भला म्हणून त्यानं मदतीतले अर्धे पाठवले. नसते पाठवले तर कुठल्याच कार्यालयात विचारायची सोय नव्हती. तिला हक्कानं मिळणारं शेतीचं एकच अनुदान आहे, ते खताचं, कारण दुकानातलं पॉस मशीन सातबारा मागत नाही, आधार आणि अंगठा मागतं.

त्या अनुदानाचं असं आहे. युरियाची ४५ किलोची पिशवी आपल्याला २६६ रुपये ५० पैशांना पडते, डीएपी १,३५० ला. खरी किंमत याच्या कितीतरी वर असते, तो फरक सरकार देतं, आणि देतं ते कंपनीला. तुम्ही अंगठा लावला, विक्री झाली, की कंपनीचं अनुदान निघतं. माझा एक रुपया अडकत नाही, कागद नाही, वाट नाही. माझ्या कसोटीवर याला पाच तारे द्यायला हवे होते. पण इथं गिऱ्हाईक कंपनी आहे, मी नुसता अंगठा आहे. आणि अंगठ्याला दुकानात काय वागणूक मिळते? जूनमध्ये डीएपी मागितलं की, "आहे, पण सोबत ही बाटली घ्यावी लागेल." बाटलीत कसलं तरी पोषक, नाहीतर पाण्यात विरघळणारं खत, नाहीतर झिंक. त्याला लिंकिंग म्हणतात, ते बेकायदेशीर आहे, आणि दर पेरणीला होतं. दुकानदार म्हणतो वरून येतं, मी काय करू. १,३५० ची पिशवी बाटलीसकट सोळाशे-सतराशेला पडते, आणि अनुदान माझ्या नावानं लागलेलं असतं.

पॉस मशीनमधून निघणारी छापील पावती मागून घ्या. तिच्यावर पिशवीची किंमत आणि सरकारनं भरलेलं अनुदान दोन्ही छापलेलं असतं, बाटली मात्र तिच्यावर कुठंच नसते. बाटलीचं बिल वेगळं लिहून मागा. आमच्या इथं दोन दुकानदार ते लिहून द्यायला तयार झाले नाहीत आणि बाटली परत घेतली.